घाईचा बाप्तिस्मा

"हे आत घेऊन जा," आई म्हणाली आणि पिशवीतून खोकल्याच्या औषधाची बाटली काढून तिने माझ्या हातात दिली. वरचं लेबल खरवडून काढलेलं होतं. आत पाणी होतं.

"कसलं आहे?"

"चर्चमधलं. सकाळची मिस्सा झाली आणि कुंडातून भरून घेतलं."

"आई, हे आत नेता येणार नाही."

"का? देवाचं पाणी आहे."

"देवाचंच आहे. पण त्यात काय काय पोहतं ते मी बघितलंय."

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी बाटलीचं झाकण घट्ट केलं. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला प्रकल्प म्हणून मी आमच्या चर्चच्या दारातल्या पवित्र पाण्याचे नमुने घेतले होते. काचेच्या बशांमध्ये जिवाणू वाढवले, ठिपके मोजले आणि मोठ्या उत्साहाने घरी येऊन सांगितलं. आई भाजी निवडत होती. "इतकी वर्षं सगळा गाव त्यात बोटं बुडवतो," ती म्हणाली होती, "एक तरी मेला का?" प्रश्न शास्त्रीय होता.

आता आम्ही मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाबाहेर उभ्या होतो. नाताळ होऊन गेला होता, पण नर्सच्या टेबलावर टांगलेला कागदी तारा अजून कुणी उतरवला नव्हता. मी याच रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिकाऊ म्हणून नुकतीच लागले होते. आठवड्यातून दोनदा या विभागातल्या नळांचं पाणी आणि बाळांना उबेत ठेवायच्या पेट्यांवरचे नमुने घ्यायचं काम माझं होतं, म्हणून मला आत सोडत. आईला फक्त भेटीच्या वेळेत काचेपलीकडून बघायला मिळे.

काचेपलीकडे, खिडकीजवळच्या पेटीत, माझ्या थोरल्या बहिणीची, ज्युलेटची मुलगी होती.

"एक धार टाक आणि शब्द म्हण," आई हळू आवाजात म्हणाली. "शब्द येतात ना?"

"येतात."

"मग झालं. ज्युलेटला कळायची गरज नाही."

"तिचं बाळ आहे, आई."

"म्हणून तर तुला सांगते. तिला सांगून बघितलं मी. माझ्या अंगावर धावून आली."

आई अशी नव्हती. वसईत आमची केळीची आणि पानवेलीची वाडी, पप्पा गेल्यापासून ती एकटी बघत होती. रोजची रोझरीची प्रार्थना चुकली तरी ती हसून सोडून द्यायची, उपवासाच्या शुक्रवारी मी कॅन्टीनमध्ये ऑम्लेट खाल्लं तर "देवाला सांगू नको" म्हणायची. आणि आज ती मिस्सा आटोपून वसईहून थेट येऊन उभी होती, हातात खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन, आणि तिचे ओठ पांढरे पडले होते. मला त्याचं कारण कळत नव्हतं. नातीची काळजी होती हे खरं, पण काळजीने माणूस असा चोरून काही करायला निघत नाही.

"मी विचारते तिला," मी म्हणाले.

"विचारू नको. कर."

मी बाटली माझ्या पिशवीत टाकली आणि हात धुवायला गेले.

*

ज्युलेट स्टुलावर बसली होती. पेटीच्या गोल खिडकीतून तिचा उजवा हात आत होता आणि बाळाने तिच्या करंगळीचं टोक धरलं होतं. धरलं होतं असं आम्ही म्हणायचो. खरं तर ज्युलेटने बोट त्या मुठीत ठेवलं होतं.

बाळ डिसेंबरच्या सुरुवातीला जन्मलं, फारच लवकर. वजन किलोभर मैद्याच्या पिशवीहून कमी. त्वचा इतकी पातळ की खालच्या शिरा दिसत. नेल्सन, ज्युलेटचा नवरा, मालवाहू जहाजावर होता. जहाज बंदराला लागल्याशिवाय त्याला उतरता येत नव्हतं. तो फोन करायचा, आवाज तुटत तुटत यायचा आणि दर वेळी तो एकच विचारायचा, "नाव काय ठेवलंस?" ज्युलेट सांगत नव्हती.

कुणालाच सांगत नव्हती. आमच्या घरात पद्धतच तशी. बाळाचं नाव आईच्या मनात असतं, आणि ते पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं जातं ते बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी. तोवर मुलगी असेल तर बाय, मुलगा असेल तर बाबू. चर्चच्या दारात आई धर्ममातेच्या कानात नाव सांगते, फादर विचारतात, "या बाळाचं नाव काय?", आणि धर्ममाता ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगते. मी धर्ममाता होणार होते. त्यामुळे इथे पेटीवरच्या पट्टीवर 'ज्युलेट यांचं बाळ' एवढंच होतं, आणि नर्स तिला ज्युलेट बेबी म्हणत.

"आई होती ना बाहेर?" ज्युलेटने मान न वळवता विचारलं.

"आहे अजून."

"पाणी आणलंय?"

मी पेटीवरची पट्टी सरळ केली.

"मला वास येतो तिचा. काल फादरना घेऊन यायचं म्हणत होती. परवा लूर्दच्या तीर्थाचं पाणी. मी सांगितलंय तिला, रविवारी जमलं नाही तर पास्काला करू."

येता रविवार प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणाचा होता. आमच्या धर्मग्रामात त्या दिवशी वर्षभरातल्या बऱ्याच बाळांचा बाप्तिस्मा एकत्र होतो. बँड नसतो, पण केक असतो. तो चुकला की ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या प्रायश्चित्तकाळापर्यंत थोडे रविवार, आणि प्रायश्चित्तकाळात आमचे फादर कुणाला बाप्तिस्मा देत नाहीत. मग थेट पास्काची, म्हणजे ईस्टरची, रात्र, जेव्हा नवी मोठी मेणबत्ती पाण्यात बुडवून ते पाणी आशीर्वादित करतात.

"पास्काला तिचं वजन अडीच किलो झालेलं असेल," ज्युलेट म्हणाली. "झगा तेव्हा बरोबर बसेल. आत्ता तिला घातला तर तंबू होईल नुसता." ती हसली. "बघ ना नाक. पप्पांचं आहे."

नाकात नळी होती आणि त्यावर चिकटपट्टी. नाक दिसतच नव्हतं.

"डॉक्टर काय म्हणाल्या सकाळी?" मी विचारलं.

"तू विचार. मला त्यांचं बोलणं कळत नाही."

तिला कळत होतं. ती शाळेत गणित शिकवायची.

*

डॉक्टर केळशीकर बाई दोन पेट्या पलीकडे होत्या. त्यांनी मला कोपऱ्यात नेलं. मी प्रयोगशाळेतली म्हणून त्या माझ्याशी सरळ बोलल्या. मेंदूत रक्तस्राव झाला होता, दोन्ही बाजूंना. मूत्रपिंडं थांबली होती. रक्तदाब टिकवायची औषधं शेवटच्या मात्रेवर होती आणि तरी तो उतरत होता.

"किती वेळ?" मी विचारलं.

"आजचा दिवस निघेल असं मला वाटत नाही. तुमच्या बहिणीला मी सांगितलंय. तिला पेटीतून काढून छातीशी देऊ शकते, हेही सांगितलंय. ती नको म्हणते. बाळाला थंडी वाजेल म्हणते." त्यांनी चष्मा काढून पुसला. "थंडी वाजेल हे बरोबर आहे. पण आता त्याने फरक पडणार नाही, हे तिला माझ्याकडून ऐकायचं नाहीये."

मी बाहेर येऊन जिन्यात उभी राहिले आणि आमच्या फादरना फोन लावला. फादर ओनील म्हातारे होते. त्यांनी मला आणि ज्युलेटला, दोघींना धर्मशिक्षण दिलं होतं आणि माझ्या प्रश्नांना ते कंटाळत नसत.

"बोल ब्रिजित. आज कुठले जंतू सापडले?"

मी सगळं सांगितलं.

"फादर, निर्जंतुक केलेलं पाणी चालतं का?"

"पाणी असलं की झालं. विहिरीचं, नळाचं, तुझ्या बाटलीतलं. फक्त ते वाहायला हवं. ओलं बोट फिरवून भागत नाही. आणि शब्द."

"आणि आईबापांची परवानगी?"

"मरणाच्या धोक्यात परवानगीवाचून केला तरी तो बाप्तिस्मा खराच. कायदा तसाच आहे." ते थांबले. "पण मी तुला तसं कर म्हणणार नाही. ते बाळ देवाच्या हातात आहेच, पाणी पडो की न पडो. आम्ही पूर्वी लोकांना भलतंच भिववून ठेवलं. तुझी बहीण आत्ता कुणाच्या हातात आहे ते बघ."

"मग बाप्तिस्म्याचा अर्थ काय, फादर? पाण्यावाचूनही सगळं ठीक असेल तर?"

"हे तू मला सातवीत असताना विचारलं होतंस."

"तुम्ही तेव्हा उत्तर दिलं नव्हतं."

"आताही फोनवर देता येणार नाही," ते म्हणाले. "मी निघतो. पण महामार्गावर काय हाल आहेत तुला ठाऊक आहेत. माझी वाट बघू नका."

*

परत आले तेव्हा आई बाकावर लीलाम्मा सिस्टरशी बोलत होती. लीलाम्मा केरळची, या विभागातली सगळ्यात जुनी नर्स. तिचं मराठी हिंदीत बुडवून काढलेलं होतं.

"मम्मी रडू नको," ती आईला सांगत होती. "मी करते. बहोत बेबीचा मी केला आहे. आंघोळ करते ना, तेव्हा थोडा पानी जास्त टाकते. कोणाला नाही सांगत."

"कुणाकुणाचा?" मी न राहवून विचारलं.

"सबका," लीलाम्मा निर्विकारपणे म्हणाली. "हिंदू, मुसलमान, मारवाडी. देव बोलेल, लीलाम्मा, कशाला केला? मी बोलीन, घाई होती, पेपर चेक नाही केला."

आईला हसू आलं आणि त्याच क्षणी ती पुन्हा रडू लागली.

"सिस्टर, प्लीज, आमच्या बाळाचा करू नका," मी म्हणाले. "तिच्या आईची इच्छा नाही."

"इच्छा नाही म्हणजे? ती तर रविवारी धर्मशिक्षणाचीही टीचर आहे ना?" आई एकदम उठली. "आणि तू! तू कोण लागून गेलीस मध्ये? तुझा विश्वास तरी आहे का? तुला ते फक्त पाणी वाटतं. मग टाकायला काय जातं तुझं?"

"ज्युलेटचं जातं."

"काय जातं माझं?"

ज्युलेट दारात उभी होती. दूध काढून ठेवायच्या खोलीकडे निघाली असावी, हातात रिकामी छोटी बाटली होती. बाळाला नळीतून चमचाभरही दूध पचत नव्हतं, पण ती दर काही तासांनी काढायची आणि फ्रीजमध्ये ठेवायची.

लीलाम्मा आत सटकली.

"बोल ना, आई," ज्युलेट म्हणाली. "माझ्यामागे काय ठरलंय?"

"काही नाही ठरलं, बाय. मी म्हटलं, नुसतं पाणी..."

"नुसतं पाणी! मी दर वर्षी पोरांना शिकवते. फळ्यावर लिहून देते. बाप्तिस्मा कोण देऊ शकतो? फादर. आणि कुणीही? हो, कुणीही, कुठलाही माणूस, पण कधी? मरणाच्या धोक्यात. पोरं घोकतात. आता तुम्ही आत जाऊन तो घाईचा बाप्तिस्मा दिलात, तर तुम्ही काय म्हणालात ते मला कळत नाही का? तुम्ही म्हणालात, ही गेली."

"ज्युलेट..."

"तू गप्प बस, ब्रिजू. तू त्या डॉक्टरणीशी कोपऱ्यात काय बोलत होतीस ते मला दिसलं. सांग. तुझ्या शास्त्रात सांग. किती टक्के?"

मी तिच्याशी आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते. तिनेच मला बेरीज शिकवली होती.

"शून्य," मी म्हणाले. "आजचाच दिवस आहे, ताई."

मला वाटलं ती मला मारेल. तिने हातातली बाटली घट्ट धरली आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"मग तर मुळीच नाही," ती भिंतीला म्हणाली. "जोवर मी हो म्हणत नाही तोवर ती माझी आहे. पास्काला करणार आहोत आम्ही. तिची वेळ ठरलेली आहे. वेळ ठरलेली असताना कुणी जात नाही."

आई बाकावर बसली. तिने पदराने तोंड पुसलं. मग ती आमच्या बोलीत, घरी चुलीपाशी बोलायची तशा आवाजात म्हणाली, "मीही असंच म्हटलं होतं."

ज्युलेट वळली नाही.

"तुझ्याआधी एक होता," आई म्हणाली. "मुलगा. तुला ठाऊक नाही, हिलाही नाही. पप्पांनी शपथ घातली होती, पोरींना सांगायचं नाही. सकाळी झाला, निळा पडत होता. सुईण म्हणाली, फादरना बोलवा. पप्पा सायकल घेऊन गेले. फादर दुसऱ्या गावी मिस्सेला गेलेले. तांब्याभर पाणी माझ्या खाटेखाली होतं. मला शाळेत सिस्टरांनी शिकवलेलं, कुणीही देऊ शकतं. शब्द पाठ होते. हात पोचत होता. पण मला वाटलं, मी तांब्या उचलला तर तो मरेल. नाही उचलला तर त्याला फादर येईपर्यंत थांबावंच लागेल." ती थांबली. "मी फादरची वाट बघत बसले. तो नाही बसला."

मी आईकडे बघत राहिले. मला आतापर्यंत वाटत होतं की मी तिला ओळखते.

"तेव्हाची रीत वेगळी. बाप्तिस्मा नसलेलं मूल आत पुरू देत नसत. पप्पांनी साबणाच्या खोक्यातून नेला आणि कबरस्तानाच्या भिंतीबाहेर ठेवला. क्रूस नाही, काही नाही. आता ते फादर सांगतात, देव दयाळू आहे, पोरं सगळी त्याच्याकडेच जातात. असेल. मीही तेच मानते. तो नरकात आहे असं मला कधी वाटलं नाही, ज्युलेट. त्याची भीती नाही मला."

"मग कसली?" ज्युलेटचा आवाज अगदी बारीक होता.

"मला त्याला हाक मारता येत नाही."

ज्युलेट आता वळली.

"नाव ठरवलेलं होतं मी," आई म्हणाली. "मनात. पण कुणी त्याच्या तोंडावर म्हटलं नाही, त्याच्या कानावर पडलं नाही. मग ते त्याचं कसं? मी प्रार्थनेला बसते, सगळ्यांची नावं घेते, पप्पांचं, आजीचं, तुमची दोघींची. त्याच्यापाशी आले की थांबते. काय म्हणू? बाबू? बाबू तर सगळेच असतात."

लिफ्टचं दार उघडलं, बंद झालं. कुणीतरी जेवणाची गाडी घेऊन गेलं. ज्युलेट तिथेच उभी होती. तिने हातातली छोटी बाटली बाकावर ठेवली, मग पुन्हा उचलली, मग माझ्याकडे बघितलं.

"ब्रिजू," ती म्हणाली. "तुमच्याकडे ते पाणी असतं ना, उकळलेलं, बंद बाटलीतलं?"

"असतं."

"कोमट कर. तिला गार लागेल."

*

निर्जंतुक पाण्याची बाटली मी बाळांचं दूध गरम करायच्या यंत्रात ठेवली. मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून बघितला. मग सुई काढलेली एक सिरिंज भरली. प्रयोगशाळेत भरते तशी, रेघेपर्यंत मोजून. आईची बाटली माझ्या पिशवीतच राहिली आणि तिनेही विचारलं नाही.

डॉक्टर बाईंनी आईला आत घेतलं. गाऊन तिला पायघोळ झाला. "मेणबत्ती आणली होती मी," ती मला कुजबुजली. मी सांगितलं, इथे ऑक्सिजन आहे, पेटवता येणार नाही. "नुसती धरू?" तिने विचारलं. डॉक्टर बाईंनी मान डोलावली, म्हणून तिने ती न पेटवता धरली, दोन्ही हातांनी.

"बाहेर काढा तिला," ज्युलेट डॉक्टरांना म्हणाली. "मला द्या."

नळ्या सांभाळत त्यांनी आणि लीलाम्माने बाळाला उचललं. एवढ्याशा जिवाला उचलायला चार हात लागले. ज्युलेटने गाऊनची बटणं सोडली होती. त्यांनी बाळाला तिच्या छातीवर ठेवलं आणि वरून दुलई घातली. ज्युलेटने श्वास आत घेतला आणि तो सोडायला ती विसरली असं मला वाटलं. महिनाभरात तिने आपल्या मुलीचा फक्त हात धरला होता.

लीलाम्माने बाळाची टोपी मागे सरकवली. डोक्यावर विरळ काळे केस होते, ओले असल्यासारखे चिकटलेले.

मी सिरिंज हातात घेऊन धर्ममातेच्या जागी उभी राहिले आणि कान पुढे केला. पद्धत तशीच होती, नाव आधी मला कळायचं होतं.

ज्युलेटने मान हलवली. "नाही. तू नको. दे इकडे. मीच करणार."

तिने सिरिंज घेतली. पाणी वाहायला हवं, मी म्हणाले, फादरनी सांगितलंय. "मला शिकवू नको," ती म्हणाली, आणि आम्हा दोघींना त्यातही क्षणभर हसू आलं. मग तिने डाव्या हाताने मुलीचं डोकं धरलं, तिच्या कानाजवळ तोंड नेलं आणि वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली,

"क्लारा."

पलीकडच्या पेटीपाशी कुणाची तरी आई बसली होती, तिने वर बघितलं.

"क्लारा, मी तुझा बाप्तिस्मा करते, पित्याच्या," पाणी कपाळावरून कानाकडे गेलं, "आणि पुत्राच्या," दुसरी धार केसांतून खाली उतरली, "आणि पवित्र आत्म्याच्या नावाने."

तिसऱ्या धारेचं पाणी ज्युलेटच्या छातीवर पसरलं आणि दुलईत मुरलं. बाळाने कपाळ आक्रसलं. ती हालचाल मज्जारज्जूच्या पातळीवरची, नुसती प्रतिक्षिप्त होती, असं एरवी मी म्हणाले असते.

"आमेन," लीलाम्मा म्हणाली. डॉक्टर केळशीकरही म्हणाल्या, त्यांचा त्याच्याशी काही संबंध नसताना. झगा नव्हता, म्हणून लीलाम्माने निर्जंतुक पाकिटातून जखमेवर बांधायच्या जाळीचा एक चौकोन काढला आणि पांढरं वस्त्र म्हणून बाळाच्या पाठीवर अंथरला. तो तिला मोठा होत होता.

"नेल्सनला आयरिन हवं होतं," ज्युलेट म्हणाली. "आता भांडेल माझ्याशी." मग तिचा चेहरा मोडला. "मला द्यायची नव्हती गं तिला. म्हणून नाव सांगत नव्हते. सांगितलं की ती सगळ्यांची होणार. मला वाटलं, ती फक्त माझी राहिली तर तिला न्यायला कुणाला सापडणार नाही."

आई पुढे झाली आणि दुलईवर हात ठेवून म्हणाली, "क्लारा." मग पुन्हा, जरा मोठ्याने, वाडीच्या टोकाला असलेल्या पोरीला जेवायला बोलवावं तशी, "क्लारा, बाय, मी आजी."

माझी नजर वर गेली. यंत्राच्या पडद्यावरचे आकडे बघणं हे माझं काम होतं, दुसरं काही मला येतही नव्हतं. ठोके उतरत होते. हिरवा आकडा, निळा आकडा, पिवळा. पुढे काय होणार आणि कोणत्या क्रमाने, हे मला दिसत होतं, आणि मी ते मनात टिपून घेत होते. कधीतरी कुणीतरी विचारेल तेव्हा निदान एक गोष्ट तरी मला नेमकी सांगता यावी, असं वाटत होतं.

"ब्रिजू," ज्युलेट म्हणाली. "तिकडे काय बघतेस? ती इकडे आहे. धर्ममाता ना तू? हाक मार तिला."

डॉक्टर बाईंनी हात लांब करून पडदा भिंतीकडे फिरवला. यंत्राचा आवाजही बंद केला.

मी गुडघे टेकले. माझं तोंड बाळाच्या कानापाशी आलं, तिथे अजून ओल होती. मी हळूच म्हटलं, "क्लारा." मला माझाच आवाज परका वाटला. मग मी पुन्हा म्हटलं. ज्युलेट म्हणत होती, आई म्हणत होती, आणि कुणी थांबलं की दुसरी म्हणत होती. मध्ये रिकामी जागा राहू नये म्हणून आम्ही तिघी एकीनंतर एक तिला हाक मारत राहिलो.

डॉक्टरांनी नंतर वेळ लिहिली असेल, लिहावीच लागते. ती काय होती ते मी कधी विचारलं नाही. मला एवढंच सांगता येईल की ती गेली तेव्हा आमच्यापैकी कुणीतरी तिचं नाव घेत होतं.